शेजारचे सेनापती

रत्नागिरीला थिबा पॅलेस पाहायला जाणारे बरेच असतात. जांभ्या दगडाचा तो लालसर वाडा, त्याच्या अर्धगोल खिडक्या, खालची भाट्याची खाडी, एवढं पाहून लोक परततात. गावातच असलेल्या राजाच्या समाधीकडे फारसं कोणी फिरकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र तिथे मोठी माणसं जमली. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याच गावात, कैदेतच वारला, त्याला शंभर वर्षं झाली होती. त्याचे वंशज अभिवादनाला आले होते. त्यांच्याबरोबर म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष म्यिंत स्वे होते आणि सरसेनापती मिन आँग लाइंगही. पुढे चार-साडेचार वर्षांत, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, याच सरसेनापतींनी आपल्या देशातलं निवडून आलेलं सरकार उलथवलं. राष्ट्राध्यक्षांना अटक झाल्यावर म्यिंत स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि सगळी सत्ता त्यांनी सेनापतींच्या हवाली केली.

पितरांना नमस्कार करायला आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. रत्नागिरीने त्यांचा पाहुणचार केला तो योग्यच केला. पण गेली तीस वर्षं भारताचं या सेनापतींशी जे नातं आहे ते पाहुणचारावर थांबलेलं नाही. त्यात तेल-वायूचे करार आहेत, बंदर आहे, रस्ते आहेत, तोफांचे सुटे भाग आणि एक पाणबुडीही आहे. लोकशाही देशाने हुकूमशाही राजवटीशी सामरिक भागीदारी करावी का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपल्याला त्याचं उत्तर दूर कुठे शोधायला जायचं कारण नाही. आपण स्वतः ते उत्तर ब्रह्मदेशात दिलेलं आहे. ते बरोबर ठरलं की चूक, याची तपासणी मराठीत व्हावी म्हणून हे पुस्तक.

ब्रह्मदेश हा शब्द मी मुद्दाम वापरतो. देशाचं अधिकृत नाव आता म्यानमार आहे आणि ते १९८९ साली लष्करी राजवटीने बदललं. मराठीत ब्रह्मदेश म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. टिळकांचं जन्मगाव रत्नागिरी, आणि मंडालेचा राजा १८८६ पासून रत्नागिरीत. हा योगायोग आपण कौतुकाने सांगतो. त्यामागची व्यवस्था आपण विसरतो. दोघांनाही एकाच साम्राज्याने आपापल्या माणसांपासून तोडून समुद्रापार नेऊन ठेवलं होतं, आणि १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. आज जी १,६४३ किलोमीटरची सरहद्द आपण नकाशावर पाहतो ती चिन आणि मिझो, दोन्हीकडचे नागा, मणिपूरचे कुकी यांच्या नात्यागोत्यांवरून ओढलेली रेघ आहे. १९१६ नंतरचा ब्रह्मदेश मात्र मराठी वाचकाच्या हाती क्वचितच आला. त्याची थोडक्यात ओळख करून देणं भाग आहे.

जानेवारी १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याआधी सहा महिने, जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याचे शिल्पकार आँग सान यांची हत्या झाली होती. पहिले पंतप्रधान ऊ नू आणि नेहरू यांचा स्नेह होता. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी बंड केलं. दुकानं, गिरण्या, व्यापार सरकारने ताब्यात घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय हात हलवत परत आले. पुढची पंचवीस वर्षं देशाची दारं जवळजवळ बंद होती. ती पहिल्यांदा दणाणली ८ ऑगस्ट १९८८ रोजी. विद्यार्थी, भिक्खू, कामगार, परिचारिका, सरकारी कारकून, सगळे रस्त्यावर उतरले. सप्टेंबरात सैन्याने गोळीबार करून ती चळवळ मोडली. हजारोंनी माणसं मेली.

तेव्हा भारताने काय केलं, हे आज अनेकांना ठाऊक नाही. शेजारी देशांत सगळ्यांत स्पष्ट आवाज भारताचा होता. सरहद्द ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा मिळाला. आकाशवाणीच्या ब्रह्मी सेवेतून तिथल्या सेनापतींवर कडक टीका होत होती, आणि ऊ नू यांची मुलगी त्या सेवेत काम करत होती. आँग सान यांची मुलगी स्यू ची दिल्लीत शिकलेली; आई राजदूत असताना ती लेडी श्रीराम कॉलेजात होती. १९९० च्या निवडणुकीत तिच्या पक्षाने चार-पंचमांश जागा जिंकल्या. सेनापतींनी सत्ता सोडली नाही.

आणि मग भारत वळला.

मार्च १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांगूनला गेले. जानेवारी १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला. या वळणामागची कारणं खरी होती आणि ती हलकी करून सांगणं अन्यायाचं होईल. नागा आणि आसामी बंडखोरांचे तळ सरहद्दीपलीकडच्या जंगलात होते. आपले जवान इकडे मरत होते आणि मारणारे तिकडे जाऊन झोपत होते. शिवाय आपण बोलणं तोडलं त्या काळात चीनने त्या सैन्याला शस्त्रं दिली आणि आपला पाय रोवला. १९९५ च्या उन्हाळ्यात मिझोरामच्या सीमेवर दोन्ही सैन्यांनी मिळून एक मोहीम उघडली. त्याच सुमाराला दिल्लीने स्यू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला आणि ब्रह्मी सैन्याने मोहिमेतून हात काढून घेतला, असं त्याबद्दल सांगितलं जातं. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी त्यातून एकच धडा घेतला: सेनापतींना दुखवायचं नाही.

मला हा धडा अपुरा वाटतो, पण तो घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात घात लावून अठरा जवानांना मारलं गेलं. ज्या घरांत ते शव पोचले त्या घरांना शेजारच्या सैन्याची साथ हवी की नको, असं विचारून पाहावं. मे २०२० मध्ये म्यानमारने बावीस बंडखोर विमानाने भारताच्या स्वाधीन केले. हा लाभ कागदावरचा नव्हता.

या सगळ्या पेचाचं चित्र मला एका माणसात दिसतं, आणि तो माणूस मुंबईचा. जॉर्ज फर्नांडिस. चौपाटीवर झोपून दिवस काढलेला, गोदी कामगारांचा आणि टॅक्सीवाल्यांचा पुढारी, १९६७ साली स. का. पाटलांना हरवणारा. आणीबाणीत, जून १९७६ मध्ये, त्यांना कलकत्त्यात पकडलं तेव्हा जिवाला धोका आहे अशी भीती होती. विली ब्रँट, ओलोफ पाल्मे, ब्रुनो क्रायस्की या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. दूरच्या लोकशाही देशातून आलेला एक संदेश कोठडीतल्या माणसाला काय देतो, हे जॉर्ज यांनी अंगावर अनुभवलं होतं. म्हणूनच दिल्लीच्या कृष्ण मेनन मार्गावरच्या आपल्या बंगल्यात त्यांनी ब्रह्मी निर्वासित विद्यार्थ्यांना जागा दिली. तिथे ते राहत आणि तिथूनच आपली चळवळ चालवत.

१९९८ साली जॉर्ज संरक्षणमंत्री झाले. मंत्र्याच्या अंगणात ब्रह्मी लोकशाहीवादी पोरं, आणि मंत्री ज्या सरकारात बसतो ते सरकार त्याच पोरांवर गोळ्या झाडणाऱ्या सेनापतींशी जवळीक वाढवतंय. नोव्हेंबर २००० मध्ये त्या सेनापतींपैकी जनरल माँग आये दिल्लीत आले. फेब्रुवारी २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री जसवंत सिंगांनी सरहद्दीपलीकडच्या तामूहून जाणाऱ्या मैत्री रस्त्याचं उद्घाटन केलं. जॉर्ज यांनी विद्यार्थ्यांना घराबाहेर काढलं नाही, आणि धोरणही त्यांना बदलता आलं नाही. मला वाटतं, भारताची सदसद्विवेकबुद्धी आणि भारताचं हित त्या काळात एकाच पत्त्यावर राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. जॉर्ज यांच्या पदरी मोठं यश पडलं नाही. तरी त्या खोल्या रिकाम्या न करण्याला मी मोठी गोष्ट मानतो.

दुसरं चित्रही मुंबईच्याच माणसाचं आहे. सप्टेंबर २००७ मध्ये यांगूनमध्ये भगव्या-तांबड्या चीवरातले भिक्खू हजारोंनी रस्त्यावर चालत होते, अनवाणी, पावसात. त्याच दिवसांत आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा म्यानमारमध्ये होते. ओएनजीसी विदेशसाठी खोल समुद्रातल्या शोधाचे करार करायचे होते. सह्या झाल्या, आणि दोन-तीन दिवसांत भिक्खूंवर लाठ्या-गोळ्या चालल्या. देवरा यांनी ठरलेलं काम केलं. ते काम त्या आठवड्यात करू नये असं सांगायला दिल्लीत कोणी नव्हतं, हे मला जास्त लागतं.

आता हिशेब पाहू, कारण हुकूमशहाशी भागीदारीचं समर्थन नेहमी हिशेबाच्या भाषेत केलं जातं. राखाइनच्या किनाऱ्यावरच्या ए-१ आणि ए-३ या वायूक्षेत्रांत ओएनजीसी विदेश आणि गेल यांचा हिस्सा होता. तो वायू बांगलादेशमार्गे नळाने आणायची बोलणी २००५ पासून चालली होती. ती रेंगाळली, त्यात ढाका आणि दिल्ली दोघांचाही दोष आहे. २००८ साली सेनापतींनी तो वायू चीनला विकायचा ठरवला आणि २०१३ मध्ये तो नळाने युन्नानकडे वाहू लागला. भारताच्या सार्वजनिक कंपन्यांचा पैसा ज्या विहिरींत होता त्यातला वायू चीनच्या चुली पेटवतो. कंपन्यांना विक्रीचा वाटा मिळाला हे खरं. पण आपण गप्प बसलो होतो ते वायूसाठी आणि चीनला रोखण्यासाठी. त्यातलं काय साधलं?

कलादान प्रकल्पाची गोष्ट याहून बोलकी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. ईशान्येला जायला आपल्याला सिलिगुडीचा अरुंद पट्टा सोडला तर वाट नाही. त्यावर उपाय असा: कोलकात्याहून जहाजाने ५३९ किलोमीटर जाऊन सित्वे बंदर गाठायचं, तिथून कलादान नदीतून १५८ किलोमीटर वर पलेत्वापर्यंत, आणि पुढे १०९ किलोमीटर डोंगरी रस्त्याने मिझोरामच्या झोरिनपुईला. करार २००८ साली झाला. खर्च भारताचा. कल्पना उत्तम आहे; मिझोरामच्या बाजारात तांदळाचं पोतं स्वस्त उतरावं यापेक्षा चांगला हेतू तरी कोणता? मे २०२३ मध्ये कोलकात्याहून पहिलं मालवाहू जहाज सित्वेला लागलं. जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा राखाइनच्या, म्हणजे जुन्या आराकानच्या, आराकान आर्मी या बंडखोर सैन्याने जिंकून घेतलं. २०२४ संपेपर्यंत राखाइनमधल्या सतरा तालुक्यांपैकी चौदा त्यांच्या हाती होते. बंदर सेनापतींकडे, नदी आणि रस्ता बंडखोरांकडे. करारावरची सही राजधानी नेपिडॉची आणि जमीन भलत्याचीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिझोरामचे राज्यसभेचे खासदार के. वनलालवेना सरहद्द ओलांडून आराकान आर्मीच्या माणसांना भेटून आले, तेव्हा कुठे हा रस्ता कोणाशी बोलल्याने होईल हे उघडपणे म्हटलं गेलं.

याच आराकानी लोकांशी आपला एक जुना हिशेब आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये अंदमानच्या लँडफॉल बेटावर आराकानी आणि करेन लढवय्ये उतरले. आपल्याला भारतीय गुप्तचर अधिकाऱ्यानेच बोलावलं, असं ते पुढे सांगत राहिले. त्यांचे सहा नेते गोळ्या घालून मारले गेले. बाकीच्यांनी बारा-तेरा वर्षं भारतीय तुरुंगांत काढली. सरकारने त्यांना शस्त्रांचे तस्कर म्हटलं. सेनापतींना खूश ठेवण्याच्या त्या काळात आपण ज्यांना असं वागवलं, पंचवीस वर्षांनी त्यांच्याच लोकांच्या मर्जीवर आपला रस्ता अडकला.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. हुकूमशहाशी भागीदारी करू नये याला नैतिक कारणं आहेतच, पण भागीदारीचे पुरस्कर्ते ज्या व्यवहाराच्या गोष्टी करतात त्या व्यवहारातही ती टिकत नाही. सेनापती स्थैर्य देतो असं मानून आपण त्याच्याशी करार करतो. पण आपल्याच लोकांशी लढणाऱ्या राजवटीचं राज्य छावणीच्या कुंपणापर्यंतच असतं. २०२१ च्या बंडानंतर मणिपूरचे बंडखोर सागाइंग प्रांतात त्याच सैन्याच्या बाजूने लढत असल्याच्या बातम्या येत राहिल्या. ज्यांना हुसकावण्यासाठी आपण ही दोस्ती केली त्यांनाच दोस्ताने कामाला लावलं.

म्हणून बोलणंच तोडावं, असं मी म्हणत नाही. शेजार निवडता येत नाही. मार्च २०२५ मध्ये मंडाले-सागाइंगला भयंकर भूकंप झाला तेव्हा भारताची विमानं आणि जहाजं मदत घेऊन गेली, आणि ती मदत तिथे राज्य करणाऱ्यांशी बोलूनच पोचवता येते. बंडखोरांची देवघेव, कैद्यांची सुटका, मच्छीमारांची सुटका, रोगराई, पूर, याची बोलणी समोर जो बसला असेल त्याच्याशी करावी लागतात. हिटलरशी लढताना रूझवेल्ट आणि चर्चिल स्टालिनबरोबर बसले. कोकणात दारी आलेल्याला ओसरीवर बसवून गूळपाणी देतात; माजघराच्या किल्ल्या कोणी देत नाही. व्यवहार आणि भागीदारी यांत मला हेच अंतर दिसतं. ज्या दिवशी आपण त्याच्या सैन्याला शस्त्र देतो, त्याच्या संचलनात आपला गणवेश उभा करतो, त्याच्या विरोधकांना त्याच्यासाठी तुरुंगात टाकतो, त्या दिवशी आपण माजघराच्या किल्ल्या दिलेल्या असतात.

आणि हे अंतर दिल्लीने अनेकदा ओलांडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सिंधुवीर’ ही पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला दिली. तेव्हा तिथे निवडून आलेलं सरकार होतं, असा बचाव करता येईल. पण २७ मार्च २०२१ ला तो बचाव उरला नव्हता. बंडाला दोन महिनेही झाले नव्हते. नेपिडॉत सैन्यदिनाचं संचलन होतं आणि तिथे आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते: रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि भारत. त्याच दिवशी देशभरात शंभराहून अधिक नागरिक मारले गेले, त्यांत मुलंही होती. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने २०२३ साली दिलेल्या अहवालात बंडानंतर भारतातून गेलेल्या लष्करी सामग्रीची किंमत ५ कोटी १० लाख डॉलर दिली आहे. रशिया आणि चीन यांच्यापुढे हा आकडा लहान आहे. मला तो लहान वाटत नाही.

या ठिकाणी वाचक विचारील की दुसऱ्या देशांनी कोणतं मोठं शील पाळलं? नाहीच पाळलं, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. १९७१ साली याह्या खान पूर्व बंगालमध्ये माणसं मारत होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्यांच्या पाठीशी उभे होते, कारण किसिंजर यांना पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला जायचं होतं. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली; त्यांची तिथून बदली झाली. कोटीभर निर्वासित आपल्या अंगणात आले. चीनशी संबंध जुळवणं हे अमेरिकेच्या दृष्टीने केवढं तरी मोठं सामरिक काम होतं. तरीही आपल्याकडे त्या काळाची ज्यांना आठवण आहे त्यांच्या मनात निक्सन यांच्याबद्दल काय आहे, हे मला सांगायला नको. ब्रह्मदेशातल्या ज्या पिढीने २०२१ नंतर गोळ्या खाल्ल्या तिच्या मनात संचलनातल्या आठ झेंड्यांची अशीच आठवण राहील.

पुढची पानं वाचताना एक सावधगिरी बाळगावी. तिकडे लोकशाही म्हणजे स्यू ची, असं समीकरण आपण फार वर्षं धरून बसलो. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या दिल्लीत नेहरू व्याख्यान द्यायला आल्या, तेव्हा आपल्या अत्यंत कठीण दिवसांत भारत दूर गेला याचं दुःख झालं, असं त्या सौम्यपणे बोलून गेल्या. सभागृहातल्या अनेकांना ते लागलं असेल. त्याच स्यू ची डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या बाबतीत आपल्या सैन्याची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. सात लाखांहून अधिक रोहिंग्या तोवर बांगलादेशात पळाले होते. तेव्हा आपली बांधिलकी एखाद्या व्यक्तीशी असून भागत नाही. ती चिन खेड्यातल्या शिक्षकाशी, यांगूनच्या परिचारिकेशी, राखाइनच्या कोळ्याशी, मग तो बौद्ध असो की रोहिंग्या, अशी असायला हवी. दिल्ली ती ठेवू शकली नाही. पण भारताने ती अजिबातच ठेवली नाही असंही नाही.

१० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं की म्यानमारमधून येणाऱ्यांना थांबवा आणि परत पाठवा. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी आठवड्याभरात पंतप्रधानांना लिहिलं की हे आमचे रक्ताचे लोक आहेत, त्यांच्याकडे आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. चंफाईच्या पुढे झोखाथारला तियाउ नदीवर पूल आहे. नदी लहान आहे, उन्हाळ्यात पायी ओलांडता येते. तीस हजारांहून अधिक चिन माणसं त्या बाजूने आली, डोक्यावर गाठोडी आणि पाठीला बांधलेली मुलं घेऊन. चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ, ताडपत्री, बांबू गोळा केले. दिल्लीतून सुरुवातीला पैसा आला नाही. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षणखात्याने शाळांना कळवलं की निर्वासितांच्या मुलांना प्रवेश द्यावा, कागदपत्रांवाचून अडवू नये. वर्षभराने त्यांतली कितीतरी मुलं मिझो मुलांच्या शेजारी बसून, त्यांच्याच पुस्तकातून, त्यांच्याच भाषेत पाढे म्हणत होती.